कासव झोपलेलं नाही, आजारी आहे

थंडी पडली की एक फॉरवर्ड हमखास फिरतो: ‘कासव पाळणाऱ्यांनो, घाबरू नका!’ त्याचं म्हणणं थोडक्यात असं. कासव खात नाही, डोळे मिटून बसतं ती शीतनिद्रा, उठवू नका. डोळे सुजले तर गुलाबपाणी घाला. तिरकं पोहतं तो खेळ. कवचाचे पापुद्रे निघाले तर खोबरेल तेल लावा. जंत झाले तर कुत्र्याच्या औषधाचा एक थेंब द्या. आणि काहीच लागू पडलं नाही तर तळ्यात सोडा, पुण्य लागेल. आता हा मेसेज माझ्या भाचीच्या घरी पोचलाय. तिचं कासव बारा दिवस उपाशी आहे आणि ‘झोपलंय’ म्हणून सगळे निवांत.

आपल्याकडे घरोघरी काचेच्या टाकीत असतं ते बहुधा रेड-इअर्ड स्लायडर, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं मूळचं अमेरिकेतलं कासव. पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

शीतनिद्रेत अर्धं सत्य आहे, ते मान्य करून टाकतो. थंड प्रदेशात स्लायडर हिवाळाभर निपचित राहतं. पण त्यासाठी पाणी साधारण १० अंशांच्या खाली जावं लागतं, तेव्हा शरीराचा खर्च जवळजवळ थांबतो. पुण्या-नाशकाच्या दिवाणखान्यातल्या टाकीत डिसेंबरात पाणी असतं १८ ते २२ अंश. म्हणजे ना इकडचं ना तिकडचं. अन्न पचवायला आणि जंतूंशी झगडायला हवी तेवढी ऊब नाही, आणि खर्च थांबावा एवढा गारठाही नाही. पोटात गेलेलं पचत नाही, साठवण संपत जाते आणि छातीचा संसर्ग आयता घर करतो. याला झोप म्हणून दोन महिने वाट पाहिलीत तर उठवायला काही उरणार नाही.

खरं-खोटं करायची रीत सोपी आहे. १०० लिटर पाण्याला १०० वॅटचा हीटर लावा, त्याला जाळीचं आवरण हवंच, कारण कासव धडका देऊन काच फोडतं. दिवसाला दोन-तीन अंश असं चढवत पाणी २६-२७ अंशांवर आणा. थर्मामीटरवर बघा, हात बुडवून अंदाज नको. वर कोरड्या जागी बल्बखाली ३०-३२ अंश मिळू द्या. एवढी ऊब मिळाल्यावर दोन-तीन दिवसांत खायला लागलं तर गारठलेलं होतं. नाही लागलं तर आजारी आहे. आणि नाकातून बुडबुडे येत असतील किंवा तोंड उघडून श्वास घेत असेल तर ही परीक्षाही करत बसू नका, थेट डॉक्टर गाठा.

तिरकं पोहण्याला खेळ म्हणणाऱ्याला कोपरापासून नमस्कार. एका फुप्फुसात पू किंवा पाणी साचलं की ती बाजू जड होते आणि बुडते. कासवाला माणसासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा) नसतं, खोकून घाण बाहेर टाकता येत नाही, म्हणून त्याचा न्यूमोनिया आपोआप बरा व्हायची आशा धरू नये. कधीकधी आतड्यात गॅस अडकूनही कासव कलतं, ते एक्स-रेवर कळतं. घरी बसून कळत नाही.

सुजलेले डोळे म्हणजे बहुतेक वेळा ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता. बाटलीतल्या वाळक्या कोळंबीवर महिनोन्‌महिने ठेवलेल्या कासवांत हे सर्रास दिसतं. पापण्या फुगतात, दिसेनासं होतं, दिसत नाही म्हणून खात नाही. गुलाबपाण्याने यातलं काय सुधारणार? चांगले पेलेट, किसलेलं गाजर, लाल भोपळा हा पुढच्या काळासाठीचा उपाय. इंजेक्शन डॉक्टरच ठरवतील, कारण ‘अ’ जास्त झालं की कातडी सोलून निघते.

पापुद्र्यांचं म्हणाल तर पातळ, पारदर्शक चकत्या गळणं स्लायडरमध्ये स्वाभाविकच आहे. वास येतोय, खड्डे पडलेत, दाबल्यावर मऊ लागतंय, खालून लालसर द्रव येतोय, ते मात्र कवच सडणं. तेलाने ती घाण आत कोंडली जाते आणि टाकीच्या पाण्यावर तवंग येतो तो वेगळाच.

सगळ्यात घातक मात्र तो कुत्र्याच्या औषधाचा थेंब. कुत्र्यांना जंत-गोचिडांसाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांत आयव्हरमेक्टिन असतं, आणि ते कासवांना विष आहे. १९८३ मध्येच अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये हे छापून आलं: पाय लुळे पडतात, कासव मरतं. इतर प्राण्यांना सहज चालणाऱ्या मात्रेतही. चाळीस वर्षं उलटली तरी थेंब सुचवणारे आहेतच.

तळ्यात सोडण्यात पुण्य वगैरे काही नाही. स्लायडर हा जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत आहे. निरोगी असेल तर स्थानिक कासवांची जागा आणि अन्न बळकावेल, आजारी असेल तर रोगही देईल.

दवाखान्यात नेताना पाण्याच्या बादलीतून नेऊ नका, अशक्त कासव त्यात बुडू शकतं. भोकं पाडलेला डबा, तळाशी ओलसर टॉवेल, बाहेरून गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून. फोन करून आधी विचारा की तिथे सरपटणारे प्राणी बघतात का. स्वयंपाकाच्या काट्यावर केलेलं ग्रॅममधलं वजन आणि पाण्याचं तापमान कागदावर लिहून न्या, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील. आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवा, पोट बिघडवणारा साल्मोनेला जंतू निरोगी दिसणाऱ्या कासवावरही असतो.