हाय वॉटर मार्क कुणाला म्हणायचं?

दहावीचा निकाल लागला की ठाण्यात चौकाचौकात अभिनंदनाचे बॅनर लागतात. लागू देत, कौतुक कुणाला नकोय? पण यंदा आमच्या सोसायटीच्या गुणगौरवात पाहुण्यांनी एका मुलीचे टक्के वाचले आणि माईकवरून म्हणाले, "धिस इज द हाय वॉटर मार्क ऑफ हर लाइफ!" टाळ्या पडल्या. अहो, पोरगी सोळा वर्षांची आहे. आता काय, पुढे ओहोटीच?

त्यांना 'सर्वोच्च यश' म्हणायचं होतं, आणि डिक्शनरीतला अर्थ तोच आहे. पण मुळात ती भरतीचं पाणी जिथवर चढलं तिथली रेघ. ओहोटीच्या वेळी कोपरीच्या खाडीकडे एक चक्कर मारा. तिवरांची पानं ठरावीक उंचीपर्यंत चिखलाने राखाडी झालेली, त्यावर हिरवीगार. पाणी चढत असताना ही रेघ कुणाला दिसते? ते उतरलं की दिसते. आणि अमावास्या-पुनवेचं उधाण आलं की रेघही वर सरकते.

अमेरिकेच्या यादवी युद्धात ३ जुलै १८६३ ला गेटिसबर्गला दक्षिणेचं सैन्य जिथवर धडकून मागे फिरलं, त्या जागेला हेच नाव आहे, तिथे स्मारकही आहे. म्हणजे नाव पडलं ते हरलेल्यांच्या चढाईवरून! (हे पाहुण्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.)

आपल्याकडचं बघा. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या क्रिकेट संघाने आधी वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकली, मग इंग्लंडमध्ये. ओव्हलला चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंड १०१ वर गारद. त्या दिवशी 'आता याहून वर नाही' असं कुणी म्हटलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. १९७४ ला इंग्लंडमध्येच लॉर्ड्सवर आपण ४२ सर्वबाद, मालिका ३-० ने गेली, वाडेकर त्यानंतर कसोटी खेळले नाहीत. तेव्हा कुठे १९७१ ची उंची मोजता आली. बरं, तेही घाईचंच ठरलं म्हणायचं, कारण पुढे हेच वाडेकर मॅनेजर असताना १९९३ ला आपण घरच्या मैदानावर इंग्लंडला ३-० धुतलं.

पोरांसाठी आपला मानाचा तुरा काय वाईट आहे? कितीही खोवा. हाय वॉटर मार्क सेंडऑफच्या भाषणाला ठेवा. तिथेही आधी विचारून घ्या, साहेब सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहणार नाहीत ना म्हणून.