941 की 949? सातपूरच्या वाचकांना उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. म्हणणं थोडक्यात असं: माझ्या चाचणीत एकाच लॅपटॉपवर, त्याच केबलवर आयपर्फने (नेटवर्कचा वेग मोजायचं साधन) विंडोज 10 ला सेकंदाला 949 मेगाबिट दाखवले आणि उबुंटूला, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकाराला, 941, आकडे मीच छापले, तरी मथळा 'लिनक्सच वेगवान' असा दिला, म्हणजे हा पक्षपात झाला. मथळ्याबद्दल तुमचं अगदी बरोबर आहे, तो मी बदलला. पण त्याच आकड्यांवरून 'विंडोज वेगवान' असंही ठरत नाही.

काल रात्री वायरशार्क (तारेवरची पॅकेट उघडून दाखवणारं साधन) लावून दोन्हींची पहिली सिन पॅकेट, म्हणजे कनेक्शन सुरू करणारी पॅकेट, शेजारी-शेजारी ठेवून बघितली. उबुंटूच्या पॅकेटमध्ये टाइमस्टॅम्पचा (प्रत्येक पॅकेटवर वेळेचा शिक्का मारायचा) ऑप्शन होता, विंडोजच्या नव्हता. सगळा फरक एवढाच! इथरनेटची, म्हणजे केबलच्या नेटवर्कची, पूर्ण भरलेली फ्रेम (एका पॅकेटचं पाकीट), पुढची मोकळी जागा धरून, तारेवर 1538 बाइट खाते. त्यात फाइलच्या वाट्याला येतात 1460. टाइमस्टॅम्पने 12 घेतले की उरतात 1448. भागाकार करून बघा, गिगाबिटच्या 1000 मेगाबिटांतले 949 आणि 941 च येतात. उबुंटूत टाइमस्टॅम्प बंद करून मोजलं, तर तिथेही 949. मोजून झाल्यावर लगेच चालू केला, कारण ते 12 बाइट वाया जात नाहीत. टीसीपी, म्हणजे फाइल तुकड्यांत पाठवून क्रमाने जोडणारा नियम, प्रत्येक बाइटला अनुक्रमांक देतो; तो 32 बिटांचा, गिगाबिटवर तो साधारण 34 सेकंदांत फिरून पुन्हा तिथेच येतो. वाटेत रेंगाळलेलं जुनं पॅकेट नव्याच्या जागी खपू नये म्हणून हा शिक्का.

माझ्या चाचणीतली मोठी उणीव वेगळीच आहे. दोन्ही मशीन इंदिरानगरमध्ये माझ्या एकाच खोलीत होती, आणि खोलीत सगळेच पळतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनशेजारी एखादा जुन्या विंडोज एक्सपीचा पीसी अजून चालू असतो, तुम्हीही पाहिला असेल. मूळ सेटिंगमध्ये एक्सपीची रिसीव्ह विंडो, म्हणजे पोच मिळण्याआधी एका वेळी वाटेत असू शकणारा डेटा, 65,535 बाइटांच्या पुढे जात नाही. अर्ध्या मिलिसेकंदाच्या फेरीत (पॅकेट जाऊन पोच परत यायचा वेळ) तेवढ्यावर गिगाबिटही निघतं. तोच पीसी अमेरिकेतल्या सर्व्हरवरून फाइल उतरवू लागला, फेरी 200 मिलिसेकंदांची धरली, की एका कनेक्शनला जास्तीत जास्त 2.6 मेगाबिट. मग लाइन 100 ची घ्या नाहीतर 300 ची.

व्हिस्टापासून विंडोजमध्ये ही विंडो आपोआप वाढते, लिनक्समध्येही वाढते. नेटवर्कवर गर्दी झाली की पाठवायचा वेग सांभाळायची पद्धतही आता एकच: क्युबिक. लिनक्समध्ये ती 2006 पासून, विंडोज 10 मध्ये 2017 च्या अपडेटपासून. म्हणून नुसतं नाव घेऊन तुलना करणं मी थांबवलं आहे.

येत्या रविवारी मध्ये तिसरं मशीन बसवून, नेटएमने (लिनक्समधलं खराब नेटवर्कची नक्कल करायचं साधन) मुद्दाम विलंब आणि थोडी पॅकेटगळ घालून दोन्ही पुन्हा मोजणार आहे. तुमच्या ऑफिसच्या फाइली कुठल्या देशात जातात आणि तिथला पिंग (जाऊन-येऊन लागणारा वेळ) किती येतो, तेवढं कळवा. तोच विलंब घालतो.