हातगुण कसा कमवावा

औषध शोधायला वर्षानुवर्षं आणि अफाट पैसा लागतो. गुण मात्र बऱ्याचदा आपोआपच येणार असतो. आपण फक्त त्याच्या वाटेवर पुडी घेऊन उभं राहायचं.

आधी आजार निवडा. मधुमेह, मोतीबिंदू, मोडलेलं हाड यांच्या नादी लागू नका; तिथे साखर मोजतात, एक्स-रे काढतात. सर्दी, कंबरदुखी, चामखीळ, तोंड येणं हा खरा माल. आणि सगळ्यांत उत्तम कावीळ. दूषित पाण्यातून होणारी साधी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या विषाणूवर खास औषध नाही, म्हणजे डॉक्टरही ‘आराम करा, पाणी प्या’ एवढंच सांगणार. असं सांगणाऱ्याला हातगुण नसतो, हे आपल्याकडे कुणीही सांगेल.

तुम्ही मात्र कावीळ डोळ्यांदेखत उतरवा. आंब्याच्या सालीचा रस रोग्याच्या हातांना चोळा आणि मग चुन्याच्या निवळीत हात धुवायला सांगा. पाणी पिवळंधमक होतं. तसं ते ठणठणीत माणसाच्या हातांनीही होतं, म्हणून सोबत आलेल्या मेहुण्याला हौस म्हणून हात बुडवू देऊ नका. माळ देणार असाल तर ओल्या काड्यांचे बारीक तुकडे करा आणि दोऱ्यात सरकत्या गाठींनी आवळून बसवा. काड्या वाळल्या की आक्रसतात, गाठी सैल पडतात, दोरा सुटत जातो आणि डोक्यावर ठेवलेली माळ काही दिवसांत गळ्याखाली येते. कावीळ ओसरते तशी माळ वाढते, असं सांगायचं. खुंटीला टांगली तरी ती वाढतेच, एवढं मात्र सांगायचं नाही. पित्तनलिकेत खडा अडकलेला रोगी आला आणि प्रकरण हाताबाहेर गेलं, तर ‘फार उशिरा आणलंत’ हे वाक्य तयार ठेवा.

आता मुहूर्त. ज्याची कंबर एरवी दहापैकी तीन-चार इतकी दुखते, तो आठवर पोचल्याशिवाय तुमचा उंबरठा चढत नाही. आठवरून दुखणं बहुधा खालीच जाणार, कारण रोजची पातळीच तीन-चारची आहे. फ्रान्सिस गाल्टनने 1886 मध्ये उंचीच्या बाबतीत हेच मांडलं: फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सरासरीच्या थोडी जवळ सरकतात. टोकाला गेलेली गोष्ट पुढच्या मोजणीत मध्याकडे येते. तिथे कुणी पुडी दिली नव्हती. (वाईट मार्क पडल्यावर ओरडलं की पोरगं सुधारतं, असं मानणारे मास्तर याच नियमावर जगतात.) तेव्हा ऐन कळ उठलेली असताना औषध द्या. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, एवढी एकच गाठ जमवायची. फांदी आधीच मोडायला आलेली असते.

चिकित्सक मंडळी याला ‘प्लासिबो’, म्हणजे नकली औषधाने पडलेला आराम, म्हणतील. म्हणू द्या, तो शब्द तुमच्या फायद्याचाच आहे. आजार आपणहून ओसरला, माणूस सरासरीवर आला, आणि डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून ‘बरं वाटतंय’ म्हणाला, हे सगळं त्या एका गाठोड्यात बांधता येतं आणि वर ‘मनाची शक्ती’ असं लेबल लावता येतं. अमेरिकेतल्या हेन्री बीचर यांनी 1955 मध्ये 15 अभ्यासांतले 1082 रोगी धरून नकली औषधाने सुमारे 35 टक्क्यांना आराम पडतो असं लिहिलं. हा आकडा पाठ करा. काहीच न देता ठेवलेल्यांचं काय झालं, हा प्रश्न त्यात सुटला नव्हता, पण तो प्रश्न तुम्ही कशाला काढता? 2001 मध्ये दोन डॅनिश संशोधकांनी तो काढलाच. नकली औषधवाले आणि बिनऔषधवाले अशी तुलना असलेल्या 114 चाचण्या त्यांनी तपासल्या. वेदनेसारख्या सांगण्यावरच्या तक्रारींत थोडा फरक दिसला, मोजता येणाऱ्या गोष्टींत जवळपास काहीच नाही.

म्हणून यंत्राला विचारू नका, रोग्याला विचारा. 2011 च्या अमेरिकेतल्या दम्याच्या चाचणीत खऱ्या पंपाने फुप्फुसांतून सेकंदात बाहेर पडणारी हवा 20 टक्क्यांनी वाढली. नकली पंप, नकली ॲक्युपंक्चर आणि काहीच नाही, या तिन्हींत सुमारे 7 टक्के. ‘बरं वाटतंय का?’ असं विचारल्यावर खऱ्या पंपाने 50 टक्के सुधारणा सांगितली गेली, नकली पंपाने 45, नकली सुयांनी 46, काहीच न दिल्यावर 21. छाती तेवढीच बंद, पण माणूस खूश. धंदा या 45 आणि 21 च्या मधल्या फटीत आहे. दम्यात ती फट जीवावरही बेतू शकते. तो भाग हॉस्पिटलवाले बघतील.

प्लासिबो अगदीच थोतांड नाही, हे कबूल करायला हवं. 1978 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दाढ काढलेल्या रोग्यांवर प्रयोग झाला. नकली औषधाने ज्यांची कळ कमी झाली होती, त्यांना अफूचा परिणाम पुसणारं नॅलोक्सोन दिलं आणि कळ परत वाढली. म्हणजे शरीराने स्वतःची अफूसारखी वेदनाशामकं खरोखर सोडली होती. फक्त ती कळीवर चालतात, गाठीवर, जंतूंवर, मोडलेल्या हाडावर नाही. तुमच्या पत्रकात ‘कळ’ हा शब्द गाळून ‘सर्व रोग’ लिहा.

किंमत जास्त ठेवा. 2008 च्या एका अमेरिकी प्रयोगात अडीच डॉलरची म्हणून दिलेल्या गोळीने विजेच्या झटक्यांची वेदना 85 टक्के लोकांना कमी वाटली, 10 सेंटची म्हणून दिलेल्या गोळीने 61 टक्क्यांना. दोन्ही गोळ्यांत औषध शून्य. आणि भरपूर पैसे मोजलेला माणूस ‘फसलो’ असं चारचौघांत सहसा म्हणत नाही, हा वरचा नफा.

पथ्य कडक द्या: वांगं नाही, आंबट नाही, अमावास्येला प्रवास नाही. गुण आला तर औषधाचा, नाही आला तर वांग्याचा. जे परत येत नाहीत ते बरे झाले म्हणून वहीत मांडा. ते दुसऱ्याकडे गेले की वर गेले, हे शोधायला वहीत रकानाच ठेवू नका. आभाराची पत्रं मात्र लॅमिनेट करा.

आणि डोळे बांधून घ्यायच्या परीक्षेला कधीही बसू नका. जयंत नारळीकरांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांसह ज्योतिषांची अशी परीक्षा घेतली होती. काही पत्रिका हुशार मुलांच्या, काही मतिमंद मुलांच्या. प्रत्येकाला 40 दिल्या, कुठली कुणाची ते ओळखा म्हणाले. 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर आली, नाणं उडवलं असतं तर 50 च्या आसपास आली असती. तुम्हाला असं आमंत्रण आलं तर ‘श्रद्धेची परीक्षा घेऊ नये’ म्हणा आणि पुढचा नंबर पुकारा.

एखादा आगाऊ माणूस येईलच: ‘बुवा, तुमची पुडी खिशातच राहिली, घ्यायला विसरलो, तरी आठ दिवसांत बरा झालो.’ गडबडू नका. खिसा कुठला ते विचारा. डावा म्हणाला तर मान डोलवा, उजवा म्हणाला तरी डोलवा. खिशात होती ना?