पेरूमध्ये कोणतं पेटंट आडवं आलं होतं?

माझ्या लेखावरची तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. लेख न वाचता झोडपणारे बरेच असतात, तुम्ही वाचून झोडपलंत म्हणून उत्तरही लांबतंय. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: विकसनशील देशांतल्या कोविड-हानीचं खापर मी श्रीमंत देश, पेटंटं आणि कर्ज यांच्यावर फोडतो आणि तिथल्या भ्रष्ट, ढिसाळ सरकारांना सोडून देतो. पुरावा म्हणून तुम्ही पेरू दिलात. तिथे टाळेबंदी कडक होती, पैसे वाटले गेले, तरी लोकसंख्येच्या मानाने सर्वाधिक मृत्यूंमध्ये त्या देशाचं नाव आलं. 'तिथे कोणतं पेटंट आडवं आलं?' असं तुम्ही विचारता.

कोणतंच नाही. पण पेरूचं उदाहरण तुम्हाला वाटतं तितकं तुमच्या बाजूने बोलत नाही.

महासाथीआधी पेरू हा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या लाडक्या विद्यार्थ्यांपैकी एक होता. सरकारी कर्ज जीडीपीच्या तीस टक्क्यांहून कमी, महागाई आटोक्यात. एप्रिल २०२० मध्ये, जग बंद असताना, त्याने बाजारातून ३ अब्ज डॉलर सहज उभे केले. म्हणजे पैसा होता. टाळेबंदीही मार्चच्या मध्यावरच लागली. मग घोडं पेंड कुठे खाल्लं? दहातले सात कामगार असंघटित, त्यामुळे सरकारकडे त्यांची धड यादीच नाही. निम्म्याहून अधिक प्रौढांचं बँकेत खातं नाही, त्यामुळे 'घरी बसा' म्हणून दिलेली मदत घ्यायला माणसं बँकेबाहेर रांगा लावून उभी. साधारण निम्म्या घरांत फ्रिज नाही, म्हणून बाजारात सारखी फेरी. लिमातल्या एका घाऊक फळबाजारात विक्रेत्यांची चाचणी केली, तर बहुतेक जण बाधित निघाले.

त्यात ऑक्सिजन. २०१० पासून तिथे वैद्यकीय ऑक्सिजन किमान ९९ टक्के शुद्ध हवा असा नियम होता. ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन जागतिक आरोग्य संघटनेला चालतो, आणि तो रुग्णालयाच्या आवारातल्या छोट्या प्लांटमध्ये तयार करता येतो. ९९ चा नियम मात्र दोन-तीन बड्या गॅस कंपन्यांच्याच पथ्यावर पडणारा. तो जून २०२० मध्ये शिथिल झाला, तोवर लोक रात्र-रात्र सिलिंडर घेऊन रांगेत होते. याला निव्वळ ढिसाळपणा म्हणायचं? मी याला राजकीय अर्थव्यवस्थाच म्हणेन. कोणासाठी नियम केला जातो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हाच तर या विषयाचा गाभा आहे.

भ्रष्टाचार होताच. लशीच्या चाचणीसाठी आलेल्या जादा डोसांमधून माजी राष्ट्राध्यक्ष मार्तिन विस्कारा यांच्यासह चारशेहून अधिक जणांनी गुपचूप लस टोचून घेतल्याचं फेब्रुवारी २०२१ मध्ये उघड झालं. हे मी कशाला झाकू? पण बाहेरची विषमता आणि आतला भ्रष्टाचार यांतलं एक निवडा, ही तुमची अट मला मान्य नाही.

आता पेटंट. तुम्ही विचारता, 'पेटंट नसतं तर लस शोधली कुणी असती?' मॉडर्नाच्या लशीत अमेरिकी सरकारचं संशोधन आणि अब्जावधी डॉलर होते. धोका जनतेने घ्यायचा आणि मक्तेदारी कंपनीने ठेवायची, हा कसला बाजार? भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे पेटंटच्या नियमांतून सवलत मागितली. निर्णय आला जून २०२२ मध्ये, तोही फक्त लशींपुरता. दक्षिण आफ्रिकेने तर अॅस्ट्राझेनेका लशीच्या चाचण्या आपल्या भूमीवर होऊ दिल्या होत्या. तरी तिला ती डोसमागे ५.२५ डॉलरला पडली, युरोपीय संघाला सुमारे २.१५ डॉलरला. कारण सांगितलं गेलं, की युरोपने संशोधनात पैसा घातला होता. ज्यांनी चाचणीसाठी दंड पुढे केले त्यांचं योगदान कुठल्या खात्यात धरायचं, ते कुणी सांगितलं नाही. २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्याच कारखान्यात भरलेल्या जॉन्सन अँड जॉन्सनच्या लशीच्या कुप्या युरोपला गेल्या. (निर्यात आपणही थांबवली होती, दुसऱ्या लाटेत. गरीब देशांना लस पुरवणाऱ्या कोवॅक्स या जागतिक योजनेला त्याचा मोठा फटका बसला.)

कर्जाबद्दल एवढंच: जी-२० ने गरीब देशांचे हप्ते पुढे ढकलले, खासगी कर्जदात्यांनी ते मनावर घेतलं नाही. झांबियाने थोडी सवड मागितली, त्याचे रोखे घेऊन कर्ज दिलेल्यांनी नाही म्हटलं, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ४.२५ कोटी डॉलरचा व्याजाचा हप्ता थकून देश दिवाळखोरीत गेला.

शेवटी तुम्ही विचारलंय, 'सक्षम सरकार असतं तर हे टळलं नसतं का?' म्हणून टोगोकडे बघा. पश्चिम आफ्रिकेतला, पेरूहून कितीतरी गरीब देश. एप्रिल २०२० मध्ये त्यांनी 'नोव्हिसी' ही रोख मदतीची योजना काढली. हातात मतदार यादी होती, तीच वापरली. इंटरनेट नसलेल्या साध्या फोनवरून नोंदणी, पैसे थेट मोबाइल खात्यात, बायकांना पुरुषांपेक्षा थोडे जास्त. रांग नाही, दलाल नाही. प्रशासन म्हणून तुम्हाला आणखी काय हवं? पण रक्कम किमान वेतनाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढी, आणि सुरुवातीची मदत मुख्यतः राजधानी लोमेच्या परिसरापुरती. खेड्यांतल्या अतिगरिबांपर्यंत ती वर्षअखेरीस न्यायची वेळ आली, तेव्हा पैसा एका परदेशी दानसंस्थेकडून आणावा लागला.