खुलासा : पॅसिव्ह सबवूफर थेट ‘सब आउट’ला चालत नाही
इंदूरच्या मराठी गटांत मेसेज फिरतोय : जुन्या पॅसिव्ह सबवूफरची (आत अ‍ॅम्प्लिफायर नसलेल्या बास स्पीकरची) वायर होम थिएटर रिसीव्हरच्या ‘सब आउट’ला (सबवूफरसाठीच्या जॅकला) जोडा, दणदणीत बास मिळेल. मिळणार नाही. त्या जॅकमधून फक्त लाइन लेव्हलचा, म्हणजे कमी ताकदीचा, सिग्नल येतो, स्पीकर हलवण्याइतकी पॉवर नाही. मध्ये मोनो (एका चॅनेलचा) अ‍ॅम्प्लिफायर हवाच. महाराणी रोडवर घेताना तो तुमच्या सबच्या ओहमला (स्पीकरच्या विद्युत अवरोधाला) चालतो का, हे आधी विचारा. सब आउट ते अ‍ॅम्प आरसीए केबल, अ‍ॅम्प ते सब १.५ चौरस मिमी तांब्याची वायर. रिसीव्हरवर क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती मर्यादा) ८० हर्ट्झ. अ‍ॅम्पचा लो-पास फिल्टर सर्वात जास्त हर्ट्झवर, म्हणजे दोन फिल्टर एकमेकांवर चढणार नाहीत.

मेसेजमधला दुसरा उपाय, फ्रंट स्पीकरच्याच टर्मिनलला सब समांतर जोडणे, कृपया करू नका. ८ ओहमचा स्पीकर आणि ४ ओहमचा सब समांतर मिळून २.६७ ओहम होतात. इतक्या कमी ओहमवर रिसीव्हर प्रोटेक्शनला जातो (स्वतःला वाचवायला बंद होतो), नाहीतर आउटपुट ट्रान्झिस्टर जळतात.