रिक्षाची पावती कोठून आणायची?
‘महाविद्यालयीन अर्थशास्त्र शिक्षकांना संशोधनात रसच नाही, म्हणून संशोधन-अनुदानासाठी अर्ज येत नाहीत’ हे महाविद्यालयीन संशोधनावरील लेखातील विधान मला पटले नाही. वाशीच्या घाऊक बाजारातील माथाडी कामगारांच्या कर्जबाजारीपणावर मी छोटा प्रकल्प केला, तेव्हा प्रश्नावलीच्या झेरॉक्सपासून पहाटे ४ वाजता कांदा-बटाटा मार्केट गाठण्याच्या रिक्षाभाड्यापर्यंत सारा खर्च आधी पदरचा करावा लागला आणि अनुदानाचा दुसरा हप्ता अहवाल देऊन वर्ष उलटल्यावर आला, तोही रिक्षाची पावती जोडली नाही म्हणून कापून. (ठाण्यात पावती देणारा रिक्षावाला कोणाला भेटला असल्यास कृपया कळवावे.)

२०१९च्या अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांच्या अर्थशास्त्रातील नोबेलचा दाखला लेखकाने दिला आहे. परंतु त्यांच्या क्षेत्रीय (प्रत्यक्ष लोकांमध्ये जाऊन केलेल्या) प्रयोगांना वर्षानुवर्षांची सर्वेक्षणे आणि त्यांसाठीचा निधी लागला, हे मात्र लेखातून निसटले आहे.