‘नुसतं काळं कापड म्हणजे गॉथिक नव्हे’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू काल रात्री दोनदा वाचला. समुद्राकाठच्या उद्यानात तुम्हा सहा मैत्रिणींची गॉथिक पिकनिक, म्हणजे काळे कपडे, लेस, मेणबत्त्या अशा जुन्या युरोपी थाटाची, आम्ही मांडली होती. उन्हाने जीव नकोसा झाला, केक वितळला, मेणबत्त्या बॅटरीच्या निघाल्या, फेरफटका मारणाऱ्या एका काकांनी “सुतक आहे का?” विचारलं तेव्हा आमचा कामावरचा मुलगा हसला, आणि ‘नुसतं काळं कापड अंथरलं म्हणजे गॉथिक होत नाही’, असं तुम्ही लिहिलंय.

उन्हाची चूक सर्वस्वी माझी. तुम्ही साडेतीनची वेळ मागितलीत आणि मी हो म्हणून बसले. आपल्याकडे समुद्र पश्चिमेला, त्यामुळे दुपारनंतर ऊन सरळ तोंडावर येतं आणि झाडांची सावली पाठीमागे पडते. त्यात ऑक्टोबर, आणि तुम्ही सगळ्या मखमलीत! पाचच्या आधी बसू नका, हे मीच सांगायला हवं होतं. काळं क्रीम त्या उकाड्यात टिकणार नव्हतंच. फोटोत तुमच्या लेसच्या हातमोज्यावर त्याचा डाग दिसला, फार वाईट वाटलं. तो केक मी यादीतून काढलाय. आता काळ्या तिळाची बिस्किटं आणि उंच काचेच्या पेल्यात कोकम सरबत.

काळ्या कापडाबद्दल तुमचं बरोबर आहे. गॉथिकचा जीव टोकदार कमानीत असतो. मुंबईकराला ते वेगळं सांगायला नको. 1878 चा राजाबाई टॉवर आणि सीएसएमटी स्टेशन बघत आपण मोठे झालो, आणि युनेस्कोने सीएसएमटीला 2004 मध्ये, तर राजाबाई टॉवर आणि त्याच्या आसपासच्या गॉथिक इमारतींना 2018 मध्ये जागतिक वारसा म्हटलं. त्याच खिडक्या बघून मी सहा फुटी प्लायवूडची कमान करून घेतलीय. त्या दिवशी वारा इतका होता की ती कुणाच्या अंगावर पडली असती, आणि हिरवळीत खुंट्या ठोकता येत नाहीत. म्हणून ती टेम्पोतच राहिली. पण हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. कमान नसेल तर उरतं ते खरंच काळं कापड. आता खाली वाळूच्या पिशव्या बांधता येतील असा पाया करायला टाकलाय.

मेणबत्त्यांचं मात्र मी बदलणार नाही. समोरून खारा वारा, जमिनीवर लेस, अंगात लोंबत्या बाह्या. तिथे मी खरी ज्योत लावणार नाही, कुणी कितीही सांगितलं तरी.

आणि काकांच्या प्रश्नावर आमचा मुलगा हसला, त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटली. काळं म्हणजे अशुभ, असं ठरवणारे आपण कोण? संक्रांतीला माझी आई काळी चंद्रकळा नेसते, नव्या सुनेला काळ्या साडीवर हलव्याचे दागिने घालतो. तुम्ही इतक्या हौसेने नटून आलात आणि आमच्याच माणसाने तुम्हाला ओशाळं केलं. त्याच्याशी मी बोललेय. त्याला तुमची स्वतः माफी मागायचीय, तुमची तयारी असेल तरच.

निम्मे पैसे आजच परत पाठवतेय. केकचे पूर्ण, ते वेगळे. डिसेंबरात यायचं मनात आलं तर कळवा. तेव्हा सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, साडेचारलाही बसता येईल. मांडणीचे पैसे घेणार नाही, आणि कमान उभी करायला मी स्वतः येईन.